चहातलं औषध आणि आपल्या अंगातलं रक्त

(पांढरकवडा येथे शेतमजूर स्त्रियांसोबत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर.)

मैत्रिणींनो,

सकाळी इथे पोचल्याबरोबर आपण सगळ्यांनी चहा घेतला. मीही घेतला. तेव्हा सुरुवातीलाच सांगून टाकते, 'चहा सोडा' असा उपदेश करायला मी उभी राहिलेली नाही. तसा उपदेश आपल्या बायांनी खूप ऐकला आहे. तंबाखू सोडा, चहा सोडा, अंधश्रद्धा सोडा. सोडायला सांगणारे पुष्कळ भेटतात. त्याच्या बदल्यात हातात काय देणार, हे कोणी सांगत नाही.

मला हा विषय का निवडावासा वाटला ते आधी सांगते. आमच्या भागातल्या एका बचत गटात एका मैत्रिणीने हिरव्या चहाच्या अर्काच्या कॅप्सूल विकायला घेतल्या. साखळी पद्धतीने माल विकणारी एक कंपनी होती. आधी स्वतः घ्यायचं, मग दहा जणींना विकायचं. तिने गटातून कर्ज काढून डबे घेतले. वजन उतरतं, साखर जाते, स्तनाचा कर्करोग होत नाही, रक्त शुद्ध होतं, असं तिला सांगितलेलं होतं. तिने ते मनापासून खरं मानलं आणि आपल्याच शेजारणींना विकलं. मला तिने विचारलं, "ताई, हे खरं आहे का?" मला उत्तर देता आलं नाही. मी एम.एस.डब्ल्यू. केलेलं, डॉक्टर नाही. मग मी वाचायला बसले, डॉक्टर मैत्रिणींना विचारलं. त्यातून जे समजलं ते आज तुमच्यासमोर ठेवते.

बोलण्याआधी एक साधा प्रयोग. माझ्यासमोर काचेचे दोन ग्लास आहेत. दोन्हींत बिनदुधाचा, गाळलेला कोरा चहा आहे. सरकारी दवाखान्यात आपल्याला मिळते ती लोहाची गोळी मी कुटून आणली आहे. ती एका ग्लासात टाकते, ढवळते आणि बाजूला ठेवते. शेवटी बघू.

आता चहाचं पान. आसामचा असो, दार्जिलिंगचा असो की निलगिरीचा, काळा असो की हिरवा, झाड एकच. तोडलेलं पान लगेच वाफवलं किंवा भाजलं की ते हिरवं राहतं. तेच पान चुरगाळून हवेत ठेवलं की काळं पडतं, आणि आपली रोजची चहापत्ती होते. गवती चहा मात्र वेगळा. ते गवत आहे, त्याचा या झाडाशी संबंध नाही.

या पानात औषधी म्हणावीत अशी द्रव्यं आहेत का? आहेत, आणि चांगली नाव घेण्याजोगी आहेत.

पहिलं कॅफीन. चहा पिऊन आपल्याला तरतरी येते ती त्याची. दिवसभर राबल्यावर शरीरात एक द्रव्य साठत जातं आणि ते मेंदूला सांगतं, 'आता थांब, थकलीस.' कॅफीन मेंदूतल्या त्या निरोपाच्या जागा अडवून बसतं. म्हणजे थकवा गेलेला नसतो, थकल्याचा निरोप पोचलेला नसतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. याच कॅफीनचा एक मोठा उपयोग नवजात बाळांसाठी होतो. महिने भरण्याआधी जन्मलेलं बाळ मध्येच श्वास घ्यायचं विसरतं. अशा बाळांना दवाखान्यात कॅफीन मोजून देतात, म्हणजे श्वास चालू राहतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी ज्या शिफारशी केल्या त्यांत हे औषध आहे. याचा अर्थ बाळाला चहा चाटवा असा नाही. आपल्याकडे सहा महिन्यांच्या लेकराला चहात बुडवून बिस्कीट देतात, ते थांबवलंच पाहिजे. दवाखान्यातला डोस वजनावर ठरतो आणि बाळावर सतत लक्ष असतं.

दुसरं थिओफायलिन. १८८८ साली आल्ब्रेख्त कोसेल या जर्मन शास्त्रज्ञाने ते चहाच्या पानांतून वेगळं काढलं. पुढे ते दम्यावरचं औषध झालं. तुमच्या घरात कोणी दमेकरी असेल तर डेरीफायलीन ही गोळी तुम्हांला माहीत असेल. तिच्यात थिओफायलिन असतं. चहात त्याचं प्रमाण अगदी नगण्य, त्यामुळे चहा पिऊन दमा जात नाही. औषध कारखान्यात तयार होतं. पण पहिल्यांदा ते सापडलं चहाच्या पानात.

तिसरा गट कॅटेचिन नावाच्या द्रव्यांचा. चहा पिताना जीभ ओढल्यासारखी होते तो तुरटपणा यांचा आणि यांच्या भाऊबंदांचा. हिरव्या चहात कॅटेचिन जसंच्या तसं राहतं, काळ्या चहात त्याचं रूप बदलतं, तुरटपणा मात्र राहतो. सगळा गाजावाजा चालला आहे तो या गटाचा. आणि त्यात तथ्य नाही असं नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००६ साली हिरव्या चहाच्या कॅटेचिनपासून केलेल्या एका मलमाला मान्यता दिली. जननेंद्रियावर आणि गुदद्वाराजवळ विषाणूमुळे जे चामखीळ येतात, त्यांवर लावायचं ते मलम आहे. वनस्पतीच्या अर्कापासून केलेलं, डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळणारं औषध म्हणून तिथे मान्यता मिळालेलं हे पहिलंच.

हे सांगताना मी मुद्दाम जरा थांबते. असा चामखीळ आलेल्या बाया आपल्याला भेटतात. त्या कोणाला सांगत नाहीत, कारण पहिला प्रश्न त्यांच्या वागणुकीवर येतो. नवऱ्याकडून आलेला आजार असला तरी नाव तिचं खराब होतं. त्या बाईला चहाचा चोथा लावायला सांगू नका. मलमात अर्क ठरावीक प्रमाणात असतो, चोथ्यात नसतो. शिवाय ते बाहेरून लावायचं आहे, गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगावरचं ते औषध नव्हे. तिला दवाखान्यात घेऊन जा, तिच्यासोबत बसा, आणि गर्भाशयाच्या मुखाची तपासणीही करून घ्या.

म्हणजे चहाच्या पानात औषध आहे हे खरं. मग कॅप्सूलवाल्यांचे दावे? एकेक घेऊ.

जपानमध्ये ४०,५३० प्रौढ माणसांचा कित्येक वर्षं मागोवा घेतला आणि त्याचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. जास्त हिरवा चहा पिणाऱ्यांत हृदयाच्या आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांनी मरण्याचं प्रमाण कमी दिसलं, आणि बायांमध्ये हा फरक अधिक ठळक होता. कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंत मात्र फरक दिसला नाही. आता जपानची बाई चहासोबत मासे खाते, तिला दवाखाना मिळतो, तिच्या चहात साखर नसते. त्यामुळे फरक चहाचाच, असं त्यावरून ठामपणे म्हणता येत नाही. स्तनाच्या कर्करोगाबद्दल सांगायचं तर अमेरिकेच्या त्याच औषध प्रशासनाने २००५ साली सगळे अभ्यास तपासून सांगितलं की, हिरव्या चहाने हा धोका कमी होण्याची शक्यता फारच थोडी. प्रयोगशाळेत काचेच्या बशीतल्या कर्करोगाच्या पेशींवर कॅटेचिन टाकलं की त्या मरतात. पण आपण प्यायलेल्या चहातलं कॅटेचिन रक्तात फारच थोडं उतरतं. बशीतली पेशी आणि बाईचं शरीर यांत फार अंतर आहे. जाहिरातीत हे अंतर कधी लिहीत नाहीत.

आणि कॅप्सूल म्हणजे चहा नव्हे. दिवसाला चार-पाच कप हिरवा चहा पिणं वेगळं आणि त्याचा आटवलेला अर्क रिकाम्या पोटी गिळणं वेगळं. युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने २०१८ साली सांगितलं की, कॅटेचिनपैकी मुख्य जे द्रव्य आहे ते गोळ्यांच्या रूपात दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त गेलं, तर यकृताला इजा झाल्याची लक्षणं रक्तात दिसू लागतात. झाडपाल्याचं आहे, म्हणजे अपाय नाही, असं आपण धरून चालतो. धोतराही झाडच आहे.

माझ्या मैत्रिणीला मी हे सांगितलं. तिने विकणं थांबवलं. कर्ज मात्र तिच्या डोक्यावर राहिलं. ते गटाने मिळून फेडायचं ठरवलं, कारण फसवणूक तिची एकटीची झाली नव्हती.

आता मी मूळ मुद्द्याकडे येते. चहातलं हे तुरट द्रव्य आपल्या अंगात आणखी एक काम करतं, आणि ते डब्यावर लिहिलेलं नसतं. ते मला कसं कळलं, तो माझ्या चुकीचा किस्सा आहे.

काही वर्षांपूर्वी झरी-जामणीकडच्या एका गावात आम्ही बायांची रक्ततपासणी ठेवली होती. एका बाईचं हिमोग्लोबिन सात भरलं. पस्तिशीतली, तीन लेकरांची आई, रोजाने निंदणाला जाणारी. जिना चढताना धाप लागायची, डोळ्यांपुढे अंधारी यायची. तिला लोहाच्या गोळ्या दिल्या. काही महिन्यांनी पुन्हा तपासलं. काटा जागचा हलला नव्हता. मी तिला सगळ्यांसमोर म्हटलं, "गोळ्या खाल्ल्याच नाहीस ना?" शिकताना आमच्या डोक्यात पक्कं बसलेलं होतं की, खेड्यातल्या बाया गोळ्या घेत नाहीत, चुलीत टाकतात. बाई काही बोलली नाही. घरी गेली आणि गोळ्यांची रिकामी पाकिटं पदरात घालून घेऊन आली. "ह्या पाहा न ताई. सगळ्या खाल्ल्या. एकबी नाही सोडली."

मी विचारलं, कशासोबत घेतल्यास? ती म्हणाली, "च्यासंगं. तुमीच तं देली होती न पयली गोयी, च्यासंगं."

खरंच होतं ते. तपासणीच्या दिवशी आम्हीच मोठ्या पातेल्यात चहा केला होता. गोळ्या वाटल्या, चहा वाटला, आणि 'पहिली गोळी इथेच माझ्यासमोर घ्या' असं मीच म्हटलं होतं. चाळीस बायांनी माझ्यासमोर चहाच्या घोटाबरोबर गोळी गिळली. पुढे त्या घरीही तशाच घेत राहिल्या. नुसत्या पाण्याने मळमळायचं, चहाने गोळी उतरायची.

चहातलं तुरट द्रव्य लोहाला धरून ठेवतं. दोघांची मिळून अशी गाठ बनते की आतड्याला ते लोह ओढून घेता येत नाही. आलं तसं बाहेर निघून जातं. ही गोष्ट नवी नाही. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या दक्षिण आफ्रिकेतल्या अभ्यासात माणसांना पाव, भात, बटाटा-कांद्याचं सूप असं जेवण दिलं, सोबत चहा दिला, आणि लोह शोषलं जाण्याचं प्रमाण घसरलेलं दिसलं. आपल्या देशातलंही उदाहरण आहे. बंगळूरच्या संशोधकांनी २००८ साली भारतीय बायांचा अभ्यास प्रसिद्ध केला. भाताच्या जेवणासोबत एक कप चहा दिला तर अंगी लागणारं लोह साधारण निम्म्याने कमी झालं. दोन कप दिले तर साधारण दोन-तृतीयांशाने. रक्त कमी असलेल्या बायांमध्येही असंच झालं. चहात दूध घातलं म्हणून फार फरक पडत नाही, हेही दुसऱ्या अभ्यासांत दिसलेलं आहे. आणि चहा हिरवा असला तरी तो या बाबतीत निर्दोष नाही.

मटणातल्या, कलेजीतल्या लोहावर चहाचा एवढा परिणाम होत नाही. पण आपल्या बायांच्या ताटात कलेजी किती वेळा येते? ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, बेसनाचं चून, ठेचा, पावसाळ्यात तरोट्याची भाजी. हे सगळं झाडाचं लोह. ते आधीच कमी अंगी लागतं, आणि चहाचा अडसर बसतो तो नेमका यालाच.

आता याची दुसरी बाजू पाहा. थॅलेसेमिया नावाचा जन्मजात आजार आहे. त्यात रुग्णाच्या अंगात लोह नको इतकं साठतं, आणि ते हृदयाला, यकृताला मारक ठरतं. १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा रुग्णांना चहा दिला, तेव्हा त्यांच्या अंगात जाणारं लोह चांगलंच कमी झालं. म्हणजे चहाचा जो गुण त्या रुग्णाच्या उपयोगी पडला, तोच गुण आपल्या निंदणाऱ्या बाईचं रक्त अडवतो. द्रव्य एकच, गुण एकच. फरक पडतो तो कोणाच्या अंगात जातं, कशासोबत जातं आणि किती जातं यावर. 'चहा औषधी आहे का' या प्रश्नाला एक उत्तर नाही. 'कोणासाठी' हे आधी विचारलं पाहिजे.

आणि हा प्रश्न लहान नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ या काळात, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायांपैकी ५४.२ टक्के बायांमध्ये रक्त कमी आढळलं. आधीच्या फेरीत, २०१५-१६ मध्ये, हा आकडा ४८ टक्के होता. म्हणजे तो वाढला. त्याच सर्वेक्षणात आसाममध्ये ६५.९ टक्के. आसामच्या मळ्यांत चहाची पानं खुडणाऱ्या हातांत बायांचे हात मोठ्या संख्येने आहेत. इंग्रजांच्या काळात मध्य भारतातून मजूर म्हणून नेलेल्या आदिवासींचे ते वंशज, त्यांत गोंडही होते. आपल्या मारेगाव-झरीच्या गोंड बाईची ती दूरची नातलगच. पान खुडणारीच्या अंगात रक्त नाही, ते पान उकळून पिणारीच्या अंगात रक्त नाही, आणि त्याचा अर्क डब्यात भरून 'रक्त शुद्ध करा' म्हणून विकला जातो.

आता कोणी म्हणेल, मग बायांना सांगा, चहा कमी प्या. इथे आपण जपून पाऊल टाकलं पाहिजे. आपली बाई एवढा चहा का पिते ते आधी पाहू.

पहाटे उठून पाणी, चूल, लेकरांचा डबा. सगळ्यांचं झाल्यावर तिच्या वाट्याला कपभर चहा. तो पिऊन ती वावरात जाते. तिथे दहा-अकराला मालकाकडून चहा येतो. मजुरी ठरवताना 'इतके रुपये आणि चहा' असंच ठरतं. 'इतके रुपये आणि न्याहारी' असं ठरलेलं मी फारसं ऐकलं नाही. मी बायांना विचारते, एवढा चहा कशाला? त्या सांगतात, "ताई, च्या पेल्याबगर हात चालत नाही." मघाशी कॅफीनचं सांगितलं ते आठवा. पोट रिकामं आहे, रक्त कमी आहे, आणि थकल्याचा निरोप चहाने अडवलेला आहे. हात चालतात. मालकाचं निंदण पुढे सरकतं. भूकही तेवढ्यापुरती मरते.

हे आपोआप झालेलं नाही. आपल्या देशात सामान्य माणूस फार जुन्या काळापासून चहा पीत होता असं नाही. मळेवाल्यांना गिऱ्हाईक हवं होतं. १९०३ साली इंग्रज सरकारने चहावर उपकर बसवला आणि त्या पैशातून चहाचा प्रचार सुरू झाला. १९३० च्या दशकात जगात मंदी आली, माल पडून राहू लागला, तेव्हा देशात खेडोपाडी, बाजारांत, गिरण्यांमध्ये चहा पाजण्याची मोहीमच निघाली. कामगाराला चहा द्या, तो अधिक काम करेल, असं गिरणी मालकांना सांगितलं गेलं. त्याच दशकात पान चुरडून गोळीदार पत्ती करणारं यंत्र आसामात निघालं. पुढे तीच कडक आणि स्वस्त पत्ती आपल्या चुलीपर्यंत पोचली. तेव्हा चहाची सवय म्हणजे बाईचा दुर्गुण, असं निदान आपण तरी म्हणू नये.

आपल्या जिल्ह्यापुरत्या आणखी दोन गोष्टी सांगायला हव्यात. एक, रक्त कमी म्हणजे दर वेळी लोहच कमी, असं नसतं. गोंड, परधान, कोलाम या आपल्या समाजांत सिकलसेलचा आजार आहे. सिकलसेलमध्ये रक्तपेशी मोडतात म्हणून रक्त कमी होतं. अशा व्यक्तीला तपासणीशिवाय आपल्या मनाने लोहाच्या गोळ्या देत राहू नये. केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलनाचं अभियान सुरू केलं. त्यात तपासणी आहे. गावात ती झाली का, कार्डं मिळाली का, हे विचारायचं काम आपलं. दुसरी गोष्ट फ्लोराईडची. जिल्ह्यातल्या कित्येक गावांच्या बोअरच्या पाण्यात ते जास्त आहे, दात पिवळे-तपकिरी पडतात, हाडं धरतात. चहाचं झाड जमिनीतून फ्लोराईड ओढून पानात साठवतं. म्हणजे तशा गावात त्याच पाण्यात पत्ती उकळून दिवसातून पाच-सहा वेळा चहा घेतला की भर पडतच जाते. तिथे आधी पाण्याचा प्रश्न सोडवावा लागेल.

आता करायचं काय? बाईच्या हातात आहे तेवढं आधी सांगते.

चहा प्या, पण जेवणासोबत नको. जेवण आणि चहा यांत निदान एक तास जाऊ द्या. इंग्लंडमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या बायांच्याच अभ्यासात, तासाभराचं अंतर ठेवल्यावर चहाचा अडथळा जवळजवळ निम्म्यावर आला होता. यासाठी एक पैसाही लागत नाही.

लोहाची गोळी चहासोबत किंवा दुधासोबत घेऊ नका. पाण्याने घ्या, त्यात अर्धं लिंबू पिळता आलं तर फारच बरं. मळमळ होत असेल तर रात्री जेवून झोपताना घ्या. शौचाला काळं होतं, घाबरू नका. गरोदर बाईला रोज एक याप्रमाणे १८० गोळ्या मिळाल्या पाहिजेत, बाळंतपणानंतर पुन्हा तेवढ्याच. हा तिचा हक्क आहे.

जेवणात आंबट फळ हवं. बंगळूरच्या त्याच अभ्यासात क जीवनसत्त्व दिल्यावर अंगी लागणारं लोह दुपटीहून जास्त झालं होतं. आवळा, लिंबू, पेरू, संत्रं हे आपल्याच भागात होतं. बाजाराच्या दिवशी संत्री ट्रकात भरून बाहेर जातात. दोन घरात ठेवा, आणि त्यातलं एक बाईने स्वतः खायचं.

गरोदर बाईने चहा कमी करावा, दिवसाला दोन-तीन कपांपुढे जाऊ नये. लेकरांना तर चहा नकोच.

पण एवढ्यावर थांबलो, तर आपणही उपदेश करून मोकळे झालो असंच होईल. बाईच्या हातात नसलेलं ते संघटनेच्या हातात आहे.

मजुरी ठरवताना न्याहारीची मागणी करा. कामाच्या मध्ये चहा देता, तर त्याआधी दोन तास भाकर खायला सुटी द्या. आमच्याकडच्या एका गावात बायांनी हे मागितलं. मालक आधी हसले. कापूस वेचणीच्या ऐन दिवसांत बाया ठाम राहिल्या तेव्हा अर्ध्या तासाची सुटी मिळाली. न्याहारी अजून मिळालेली नाही.

उपकेंद्रात गोळ्या देताना 'चहासोबत नको' हे तोंडाने सांगितलं जातं का, ते पाहा. नसेल तर आशाताईंशी, नर्सबाईंशी बोला. त्यांच्यावर ओरडू नका, त्यांचीही अवस्था आपल्यासारखीच आहे. जिचं रक्त गोळ्यांनी वाढत नाही, तिला 'खाल्ल्या नाहीस' असं म्हणण्याआधी तिला पाळीत किती जातं, तांबी बसवल्यापासून वाढलं का, जंत आहेत का, सिकलसेल आहे का, हे विचारलं जावं. जास्त जातं म्हणून गर्भपिशवी काढून टाकायचा सल्ला मिळतो, तेव्हाही हेच प्रश्न विचारा.

आणि बचत गटात कोणी औषधी म्हणून काही विकायला आणलं, तर तीन गोष्टी विचारा. हे कोणावर तपासलं? किती प्रमाणात? आणि कोणाला चालत नाही? ज्याला उत्तर देता येत नाही त्याचा माल घेऊ नका.

आता ते ग्लास पाहू. समोरच्या बायांनो, जवळ या. या ग्लासात नुसता चहा आहे, तो तसाच लालसर दिसतो. यात गोळी टाकली होती. शाईसारखा काळा झाला आहे. आपल्या आजा-पणजाच्या काळी हिरड्याचा काढा आणि लोखंड एकत्र करून शाई करत, तीच ही रीत. गोळीतलं लोह या काळ्या रंगात अडकून बसलं आहे. पोटातही असंच होतं.

त्या बाईला मी नंतर भेटले, तेव्हा हा ग्लास तिलाही दाखवला, आणि सगळ्यांसमोर बोलले होते म्हणून सगळ्यांसमोरच माफी मागितली. ती म्हणाली, "जाऊ द्या न ताई, तुमाले तरी कुठं मालूम होतं." पुढे गोळ्या तिने रात्री लिंबूपाण्याने घेतल्या. पुढच्या तपासणीत हिमोग्लोबिन साडेनऊ भरलं. अजून कमीच आहे. पण काटा हलला.

गावोगावी गेल्यावर तुम्ही हा प्रयोग करून दाखवा. त्याला दोन ग्लास, चिमूटभर पत्ती आणि एक गोळी एवढंच लागतं. आणि कार्यक्रम संपल्यावर चहा जरूर ठेवा. फक्त गोळ्या वाटण्याच्या टेबलावर ठेवू नका.

एवढं बोलून थांबते.